वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी : वर्गात की घरबसल्या?

शास्त्र शाखेला जाऊन जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींच्या घरात हल्ली एक वाद हमखास रंगतो. क्लास लावायचा की नाही, हा तो वाद नव्हे. त्याचा निकाल बहुतेक घरांत केव्हाच लागलेला असतो. वाद असतो तो असा की, हा क्लास गावात किंवा परगावी वर्गात बसून करायचा, की मोबाईलच्या पडद्यावर ऑनलाइन करायचा? या वादात आईवडील, आजोबा, शेजारी आणि मागच्या वर्षी प्रवेश मिळालेला एखादा ओळखीचा मुलगा, असे सगळे हिरिरीने बोलतात. ज्याला अभ्यास करायचा असतो तो मात्र बहुधा गप्प असतो. प्राणिशास्त्र शिकवणारी म्हणून हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. गेल्या वर्षी तो माझ्या माहेरीच उभा राहिला, तेव्हा त्याचा जरा पद्धतशीर विचार करावा लागला. तोच येथे मांडते.

माझे माहेर उज्जैनचे. शिंदेशाहीच्या काळात माळव्यात गेलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. भाऊ एका खासगी कारखान्यात हिशेबनीस आहे. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, अकरावी संपवून बारावीत जात होती. तिला डॉक्टर व्हायचे आहे, आणि हे ती आठवीपासून म्हणते आहे. भावाजवळ एक मुदत ठेव होती. ती घराच्या गळक्या छपरासाठी राखलेली. ती मोडून मुलीला कोट्याला पाठवावे, असे त्याच्या मनात होते. वहिनींचे म्हणणे, सतरा वर्षांच्या पोरीला एकटी परगावी ठेवायची नाही. घरी मोबाईल आहे, त्यावर सगळे शिकवतात. भाचीने मला फोनवर एवढेच विचारले, “आत्या, तूच सांग, सिलेक्शन कशाने होतं?” प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नाही.

प्रथम ज्या परीक्षेसाठी हा खटाटोप चालतो, तिचे स्वरूप पाहू. पूर्वी प्रत्येक राज्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असे. मध्यप्रदेशात ती व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे ‘व्यापम’, घेत असे. ‘नीट’ ही देशभरची एकच परीक्षा प्रथम ५ मे २०१३ रोजी झाली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१६ साली ती पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे ‘एनटीए’, घेऊ लागली. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते आणि वेळ होता १८० मिनिटे. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एकूण गुण ७२०. उत्तरे कागदावर छापलेल्या वर्तुळांत शाईने भरायची. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या सरकारी महाविद्यालयांतल्या, म्हणजे सामान्य घराला परवडतील अशा, साधारण निम्म्या.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, ही परीक्षा ज्ञानाइतकीच वेगाची आणि अचूकपणाची आहे. प्रश्न वाचणे, विचार करणे आणि वर्तुळ भरणे, या सगळ्याला मिळून एक मिनिट. दुसरी अशी की, नुसते ‘येते’ असून येथे भागत नाही. न येणारा प्रश्न सोडून देण्याचे भानही लागते, कारण चार चुका एक बरोबर उत्तर खाऊन टाकतात. ही दोन्ही अंगे शिकवून येत नाहीत, करूनच येतात. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तोच कामाला येणार आहे.

आता उज्जैनच्या मुलीपुढे वाटा किती, ते पाहू. पहिली वाट गावातली : फ्रीगंज भागात लहानमोठे क्लास आहेत, सायकलीने जाता येते. दुसरी इंदूरची : अंतर सुमारे ५५ किलोमीटर, नानाखेड्याहून बस. तिसरी नागद्यावरून रेल्वेने कोट्याची : १९८० च्या दशकात व्ही. के. बन्सल नावाच्या अभियंत्याने तेथे घरी शिकवण्या सुरू केल्या आणि पुढे सगळे गावच परीक्षांच्या तयारीचे झाले. चौथी वाट पडद्यावरची. तशी ती आधीही होती. पण २०२० साली महामारीने शाळा बंद केल्या आणि ही वाट घरोघर पोचली.

प्रत्येक वाटेला जाहिरातीत न छापलेली किंमत असते. इंदूरचेच घ्या. घरापासून क्लासच्या दारापर्यंत जाऊन येऊन तीन तास धरले, आठवड्याला सहा दिवस आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले, तर ७२० तास होतात. म्हणजे अहोरात्र मोजले तर पुरते तीस दिवस बसमध्ये! परीक्षेचे गुणही ७२०च, हा निव्वळ योगायोग. पण भावाला तो आकडा सांगितल्यावर इंदूरचे नाव घरातून पुसले गेले. त्यात २०२८ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. त्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्यांनी तर रोजच्या प्रवासाची योजना फार जपून करावी.

कोट्याची किंमत दुहेरी. क्लासच्या शुल्कावर खोली, खानावळ आणि जाणेयेणे चढते. ही झाली पैशाची. दुसरी पैशात मोजता येत नाही. २०२३ या एका वर्षात त्या गावात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. तेथे जाणाऱ्या लाखांवर मुलांपैकी बहुतेक सुखरूप परततात हे खरे, आणि घरी राहणारी सगळी मुले सुखी असतात असेही नाही. पण दर आठवड्याच्या परीक्षेत मागे पडणाऱ्या, त्यानुसार खालच्या तुकडीत टाकल्या जाणाऱ्या, आणि घरच्यांनी कर्ज काढले आहे हे ठाऊक असणाऱ्या मुलाच्या छातीवर काय ओझे असेल, याचा विचार पाठवणाऱ्याने आधी करावा. मन फार खचले तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत लिहिलेला असावा.

मग घरबसल्याची वाट सर्वांत स्वस्त आणि सोयीची, हे तर उघडच आहे. उत्तम शिक्षक उज्जैनच्या घरात येतो, धडा समजला नाही तर पुन्हा ऐकता येतो, घरचे जेवण मिळते, शाळा सुटत नाही. कानपूरच्या आयआयटीने केंद्र सरकारसाठी तयार केलेले ‘साथी’ हे संकेतस्थळ तर विनामूल्य आहे. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकेही संगणकावर फुकट मिळतात, आणि जीवशास्त्राचा मोठा भाग त्यांतच आहे. गावातले मूल आणि शहरातले मूल यांच्यातले अंतर ऑनलाइन शिक्षणाने एका बाबतीत खरोखरच कमी केले : चांगले व्याख्यान आता कोणालाही ऐकता येते.

पण व्याख्यान ऐकता येणे म्हणजे विषय येणे नव्हे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला; इतरांनी तो वाचून, न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. गंमत अशी की, आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही असेच आढळले : सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटत होते, पण चाचणीत स्वतः गणिते सोडवत शिकलेले विद्यार्थी सरस ठरले.

पडद्यावरच्या शिक्षणाचा खरा धोका येथे आहे. तो डोळ्यांना नाही, किंवा नुसता मोबाईलच्या मोहाचाही नाही. समोरचा शिक्षक इतक्या सुबकपणे गणित सोडवतो की ते आपणच सोडवले असे वाटू लागते. शिवाय आजचा पाठ उद्यावर टाकला तर कोणी हाक मारत नाही. उद्याचे परवावर जाते, आणि दिवाळीपर्यंत पाहायच्या राहिलेल्या पाठांचा डोंगर होतो. मुले त्याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. हा धोका वर्गात नसतो असे मात्र समजू नका. दीडशे मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून फळ्यावरचे उतरवून घेणारा मुलगाही तसाच प्रेक्षक असतो. फक्त त्याच्या प्रेक्षकपणाचे तिकीट महाग असते.

तेव्हा माझ्या मते पडदा की बाक, हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी विचारला जातो. शिकवणी आज जवळजवळ फुकट झाली आहे. पैसे मोजून घ्यायची वस्तू शिकवणी नव्हे, तपासणी होय. माझी चूक कोण पाहील, किती दिवसांत पाहील, आणि मी आज अभ्यासाला बसले नाही हे कोणाच्या लक्षात येईल? या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे मिळतील तो क्लास आपला. मग तो फ्रीगंजात असो, कोट्यात असो, की मोबाईलमध्ये.

कागदावरच्या, माणसांत बसून दिलेल्या तपासणीचे महत्त्व उज्जैनला ४ मे २०२५ च्या दुपारी फार कठोरपणे कळले. त्या दिवशी परीक्षा चालू असताना वादळपाऊस आला आणि इंदूर व उज्जैन येथील काही केंद्रांवर वीज गेली. मुलांनी अंधुक उजेडात प्रश्नपत्रिका सोडवल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. ३० जून रोजी एकलपीठाने त्या याचिकाकर्त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी असा निर्णय दिला; जुलैमध्ये द्विसदस्य पीठाने तो रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मुलांना तेच गुण घेऊन पुढे जावे लागले. त्या मुलांवर अन्याय झाला की नाही, हा येथे विषय नाही. वीज जाणे कोणत्याही क्लासच्या हातात नव्हते, आणि कोणत्याही सरावाने अंधार उजळला नसता. पण एवढे मात्र दिसले की, ही परीक्षा शरीराने द्यायची असते : मे महिन्याच्या उकाड्यात, दुपारी दोन ते पाच, अनोळखी बाकावर, हातातल्या कागदावर. रात्री दहाला पंख्याखाली मोबाईलवर बोट टेकवून दिलेल्या चाचण्या तिची तयारी पुरती करून घेत नाहीत.

आता निवड करण्याची एक रीत सुचवते. भाचीसाठी आम्ही तीच वापरली. एकही पैसा भरण्यापूर्वी पंधरा दिवसांची परीक्षा स्वतःची घ्यावी. भौतिकशास्त्राचा एक आणि जीवशास्त्राचा एक धडा निवडावा. समजा, गतीचे नियम आणि मानवी रक्ताभिसरण. त्यांचे विनामूल्य पाठ रोज ठरल्या वेळी ऑनलाइन पाहावेत. वहीत तीन रकाने आखावे. पहिल्यात : आजचा पाठ आजच पाहिला का? दुसऱ्यात : त्यावरचे किती प्रश्न कागदावर, पाठ बंद करून सोडवले? तिसऱ्यात : अडलेली शंका किती दिवसांनी सुटली? पंधराव्या दिवशी दुपारी दोनला बसून ४५ प्रश्न ४५ मिनिटांत सोडवावे आणि ते दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावे.

वही खोटे बोलत नाही. पहिलाच रकाना रिकामा राहिला, तर त्या मुलाला वेळेचे बंधन बाहेरून हवे आहे. त्याने वर्गच लावावा, आणि जमल्यास गावातला. पहिला भरला पण दुसरा रिकामा राहिला, तर मूल पाहते पण करत नाही. त्याला मोठा क्लास नको, रोज वही मागणारा माणूस हवा. पहिले दोन भरले आणि तिसऱ्यात शंका आठ-आठ दिवस पडून राहिल्या, तर जेथे शंका विचारता येतील अशी शिकवणी शोधावी. तीही ज्या विषयात अडते तेवढ्याच विषयाची. तिन्ही रकाने भरले, तर त्या मुलाला घरबसल्या तयारी पुरेल आणि पालकांनी आपली ठेव जपून ठेवावी.

भाचीच्या वहीत पहिला रकाना जवळजवळ पूर्ण होता, जीवशास्त्राचा दुसराही. भौतिकशास्त्रात मात्र शंका साठत गेल्या. त्यात एक भाषेचीही अडचण निघाली. ‘नीट’ तेरा भाषांत होते. त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. परंतु प्रादेशिक भाषांतली प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातल्या केंद्रांवर मिळते. उज्जैनच्या मराठी मुलीला हिंदी किंवा इंग्रजीच घ्यावी लागते. भाचीची शाळा हिंदी माध्यमाची आणि ती ऐकत असलेले पाठ इंग्रजी पारिभाषिक शब्दांचे. त्यामुळे ‘संवेग’ आणि ‘मोमेंटम’ एकच, हे कळण्यातच तिचे दोन दिवस गेले. असले प्रश्न हजारोंच्या ऑनलाइन वर्गात कोण विचारणार?

शेवटी ठरले ते असे. पाठ घरीच ऑनलाइन, स्वस्तातला एक क्रम. भौतिकशास्त्रासाठी फ्रीगंजात आठवड्यातून तीन दिवस एका निवृत्त शिक्षकांकडे, जेथे सहाच मुले आहेत. दर रविवारी दुपारी दोन ते पाच, छापील प्रश्नपत्रिका आणि वर्तुळांचा कागद घेऊन, मैत्रिणीच्या घरी दोघींनी मिळून चाचणी. एकमेकींचे कागद तपासायचे, आणि चुकांची वही सोमवारी सरांपुढे ठेवायची. मुदत ठेवीतला थोडा भाग मोडला. उरलेल्यात निम्मे छप्पर झाले. वहिनी म्हणतात, निम्मे तर निम्मे. हा निर्णय बरोबरच होता असा दावा मी करत नाही; निकाल काय लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. पण तो कोणाच्या जाहिरातीवरून नव्हे, तिच्या वहीवरून झाला, एवढे समाधान आहे.

ज्यांना पैसे भरायचेच आहेत त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने खासगी क्लासांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, यशाची हमी देऊ नये, आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, असे सांगितले आहे. ही तत्त्वे राज्ये कितपत राबवतात हा भाग निराळा. तरी शुल्क परतीचा नियम भरण्यापूर्वी लेखी मागावा, आणि वर्षाचे पैसे एकदम न भरता हप्त्याने भरावे. मोठ्या नावावर विसंबू नये. जानेवारी २०२५ मध्ये एका नामांकित क्लासची उत्तरेतली अनेक केंद्रे ऐन हंगामात एकाएकी बंद पडली. त्याआधी, २०२४ साली, ऑनलाइन शिक्षणातली एक बलाढ्य कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. वर्ग असो वा पडदा, बुडायचे ते दोन्हींकडे बुडते. यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांबाबतही नोव्हेंबर २०२४ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना आहेत : त्या मुलाने कोणता अभ्यासक्रम, किती काळ घेतला होता, हे जाहिरातीत सांगितले पाहिजे. पुष्कळदा त्याने केवळ शेवटच्या सराव-चाचण्या दिलेल्या असतात.

आपल्या सीमाभागातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. येथली मुले लातूर, कोल्हापूर, हुबळी किंवा मंगळूरला जातात. क्लाससाठी शाळा वा महाविद्यालय बदलण्यापूर्वी राज्य कोट्याचे नियम वाचा. सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या असतात. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामान्यतः दहावी व बारावी त्याच राज्यातून झालेली लागते. कर्नाटकात सामान्यतः सात वर्षांचे शिक्षण राज्यातले लागते. अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू आहेत की नाहीत, हे बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच पाहावे. क्लास चांगला मिळाला आणि कोटा गेला, असे होऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, क्लास ही काठी आहे. कोणाला ती चढावर लागते, कोणाला अंधारात, कोणाला मुळीच लागत नाही. शेजाऱ्याची काठी पाहून आपली निवडू नका. पंधरा दिवसांची वही आधी भरा, आणि ती आईवडिलांपुढे ठेवून मग बोला. त्या वादात तुमचाही आवाज असू द्या. कारण परीक्षेच्या दिवशी त्या बाकावर तुम्हीच बसणार आहात.